ऊन कोणाच्या मालकीचे?



वरळी, लोअर परळ, परळ आणि भायखळा या भागांत जे गगनचुंबी मनोरे गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभे राहिले, त्यांच्या जाहिरातींत अलीकडे एक नवा शब्द हमखास आढळतो. तो शब्द म्हणजे ‘हरित’. पोहण्याचा तलाव, खासगी चित्रपटगृह आणि मोटारींसाठी चार-पाच मजले यांच्या जोडीला आता गच्चीवरील सौर तावदानांचेही चित्र छापले जाते. कोट्यवधी रुपयांची सदनिका विकत घेणाऱ्या गृहस्थास आपण पृथ्वीवर उपकार करीत आहोत, असे समाधानही त्याच किमतीत मिळते. दुसरीकडे धुळे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर अशा जिल्ह्यांत माळरानांवर मैलोगणती काचेची शेते पसरत आहेत. या दोन दृश्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु दोन्ही ठिकाणी व्यवहार जमिनीचा आणि उन्हाचा आहे, दोन्ही ठिकाणी भांडवल एकाच प्रकारचे आहे, आणि दोन्ही ठिकाणी ज्यांच्या अंगणातून हे ऊन उचलले जाते त्यांचा हिशेबाच्या वहीत उल्लेख नाही. म्हणून हे दोन प्रश्न एकत्र तपासणे अगत्याचे आहे.

मुंबई आणि वीज यांचे नाते तपासताना मुळशीपासून आरंभ करावा लागतो. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या कापड गिरण्या हळूहळू या विजेवर आल्या आणि विजेची भूक वाढली. ती भागविण्यासाठी मुळा-निळा खोऱ्यातील पन्नासाहून अधिक गावांची सुपीक भातशेती पाण्याखाली घालण्याचे ठरले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहास प्रारंभ केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी जनतेने दिली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा मोडला, धरण झाले, गावे बुडाली. मुळशीच्या शेतकऱ्याला त्या वेळी सांगण्यात आले होते की, तुमच्या चार खंडी भातापेक्षा लाखो कामगारांचे पोट मोठे आहे. या युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. गिरणगाव खरोखरच त्या विजेवर उभे राहिले, आणि कोकणातून, घाटावरून आलेल्या लक्षावधी माणसांना त्याने भाकरी दिली.

पण पुढे काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाविषयी समाजवादी चळवळीत तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद होत गेल्या. त्यानंतर मालकांच्या ध्यानात आले की, चात्यांपेक्षा चात्यांखालची जमीन अधिक फलदायी आहे. गिरण्यांच्या ताब्यात शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने या जमिनीची त्रिभागणी ठरविली. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला हिस्सा मालकाला, अशी ती वाटणी होती. ती समाजवादी होती असे कोणी म्हणणार नाही. पण निदान वाटणी होती. २००१ मध्ये शासनाने या नियमात एक दुरुस्ती केली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, ज्या भागावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जागेची व्हावी, असा तिचा आशय होता. गिरणीच्या आवारात मोकळी जागा किती असते, हे गिरणगावात वाढलेल्या पोरालाही ठाऊक असते. एका शब्दाच्या फेरफाराने शहराच्या वाट्याची शेकडो एकर जमीन आकसून गेली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली नाही, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे जनतेच्या मालकीच्या, गिरण्यांचे लिलाव २००५ मध्ये झाले. लोअर परळची मुंबई टेक्स्टाईल मिल ७०२ कोटी रुपयांना गेली. २०१२ मध्ये तीच जमीन एका विकासकाने दुसऱ्या विकासकास सुमारे २,७०० कोटी रुपयांना विकली. मधल्या सात वर्षांत त्या जागेवर कोणी राहावे असे एकही घर उभे राहिले नव्हते. मग सुमारे दोन हजार कोटी रुपयांची ही वाढ कोणाच्या श्रमाची होती? ती आजूबाजूच्या रस्त्यांची होती, रेल्वेची होती, पाण्याच्या नळांची होती, एका शतकाच्या वस्तीची होती. अर्थशास्त्रात हिला अनर्जित मूल्यवृद्धी म्हणतात. न कमावता मिळालेले ते मोल समाजाचे असते आणि जाते दुसऱ्याच्याच खिशात. त्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज करणाऱ्या कामगारांची व वारसांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. घर मिळालेले कामगार आजही त्यांच्या तुलनेत मूठभरच आहेत. उरलेल्यांना शेलू-वांगणीकडचा रस्ता दाखविला जातो, आणि त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये या वृद्ध माणसांना आझाद मैदानात येऊन बसावे लागले. मुळशीच्या शेतकऱ्याने ज्या कामगाराच्या पोटासाठी जमीन दिली, तो कामगारही शेवटी जमिनीवरून उठविला गेला. वीज आणि जमीन या दोहोंचा लाभ एकाच वर्गाच्या हाती साचला, तो असा.

आता उन्हाकडे वळू. सौर वीज ही पहिल्यानेच अशी वीज आहे की जिचे इंधन कोणाच्या खाणीत नाही, कोणाच्या नदीत नाही, कोणाच्या बंदरात उतरत नाही. ती जिथे वापरायची तिथेच तयार करता येते. म्हणून अनेक भाबड्या मनांना असे वाटले की, ही वीज स्वभावतःच लोकशाहीवादी आहे. परंतु कोणतेही यंत्र स्वभावतः लोकशाहीवादी नसते. ऊन फुकट असले तरी ते पडते कशावर तरी. ते छपरावर पडते, गच्चीवर पडते, जमिनीवर पडते, आणि या सर्व गोष्टींना मालक असतो. ज्याच्याकडे गच्ची नाही त्याच्यासाठी सूर्य केवळ घाम काढणारा आहे.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. एक किलोवॅट क्षमतेच्या सौर संचाला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि महाराष्ट्राच्या उन्हात त्यातून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. समजा, दादरला किंवा गोरेगावला सोळा बिऱ्हाडांची एक जुनी चार मजली सहकारी गृहरचना संस्था आहे आणि तिच्या गच्चीवर टाकी, जिना सोडून दोनशे चौरस मीटर जागा मोकळी आहे. तेथे वीस किलोवॅटचा संच बसेल, महिन्याला सुमारे २,४०० युनिट वीज होईल आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला दीडशे युनिट येतील. पंखे, दिवे, दूरचित्रवाणी, शीतपेटी यांवर भागविणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाची गरज जवळपास तेवढीच असते. आता तेथेच साठ मजल्यांचा मनोरा कल्पावा, मजल्यागणिक चार सदनिका, म्हणजे २४० सदनिका. त्याच्या माथ्यावर बगीचा, तलाव आणि यंत्रसामग्री यांतून पाचशे चौरस मीटर जागा उरली असे उदारपणे धरले, तरी प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला महिन्याला पंचवीस युनिट येतात. खोल्याखोल्यांतून वातानुकूलन चालणाऱ्या घराला ती दोन दिवससुद्धा पुरणार नाहीत. जिन्यातले दिवे आणि एखादा पाण्याचा पंप यांच्यापुरती ही सौर वीज असते, बाकी सारा भार चंद्रपूरच्या किंवा आणखी कुठल्या कोळशावर. तरीही प्रमाणपत्र मनोऱ्यालाच मिळते. जुन्या चार मजली इमारतीला कोणी ‘हरित’ म्हणत नाही, तिला ‘पुनर्विकासयोग्य’ म्हणतात! राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने तर, मुंबई वगळून अन्य शहरांत, हरित मानांकन मिळविणाऱ्या इमारतींना ताऱ्यांच्या संख्येप्रमाणे तीन, पाच व सात टक्के जादा चटईक्षेत्र देऊ केले आहे. पर्यावरणाचे रक्षण केल्याबद्दलचे पारितोषिक म्हणून अधिक बांधकाम करण्याची मुभा, ही कल्पना ज्या मेंदूतून निघाली त्याच्या विनोदबुद्धीचे कौतुकच केले पाहिजे.

मनोऱ्याची आणखी एक करामत अशी की, तो स्वतः ऊन फारसे वापरीत नाही आणि शेजाऱ्याचे मात्र अडवितो. दोनशे मीटर उंचीच्या इमारतीची सावली हिवाळ्यातील सकाळी आणि सायंकाळी आजूबाजूच्या चाळींच्या कौलांवरून फिरत असते. ज्या चाळीच्या छपरावर उद्या सौर संच बसविता आला असता, ती चाळ दिवसातले काही तास या सावलीत बुडते. या नुकसानीची दाद कोणत्या कचेरीत मागावयाची, हे आजच्या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही.

असे नेहमीच नव्हते. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, तेव्हा अंधाऱ्या खोल्या हे रोगाचे घर आहे हे ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले. १८९८ च्या कायद्याने मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड-वाऱ्याबाबत साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. नियमाचा अर्थ सोपा होता: समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असता कामा नये, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसेल. ट्रस्ट काही गरिबांचा कैवारी नव्हता. त्याने जितक्या खोल्या पाडल्या त्या मानाने बांधल्या कमी, आणि बेघर झालेली माणसे शेजारच्या चाळींतच दाटीने कोंबली गेली. परंतु उजेड हा मोजता येणारा, नियमात बसविता येणारा हक्क आहे, एवढे त्या साम्राज्यवादी संस्थेलाही मान्य होते. स्वतंत्र भारतातील लोकनियुक्त शासनाने काय केले? गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये विस्थापितांसाठी सात-आठ मजली इमारती बांधल्या आणि दोन इमारतींमध्ये काही ठिकाणी अवघे तीन मीटर अंतर ठेवले. जुन्या नियमाप्रमाणे तीन मीटरच्या फटीसमोर सहा मीटर उंचीची इमारत चालली असती. येथे ती वीस मीटरच्या वर गेली. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तेथील क्षयरोगाच्या प्रादुर्भावाचा आणि उजेड-वाऱ्याच्या अभावाचा संबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिला. ज्यांच्या जमिनी रस्त्यांसाठी घेतल्या त्यांचे ऊनही घेतले गेले, आणि ते ऊन मोकळ्या झालेल्या जमिनीवरच्या श्रीमंत घरांच्या काचांवर चमकू लागले.

ग्रामीण भागातील चित्र वेगळ्या वेशातले आहे. कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यात पावगडा येथे सुमारे तेरा हजार एकर जमिनीवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. ही जमीन संपादित केलेली नाही, शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली आहे, एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. सततच्या दुष्काळाने गांजलेल्या जमीनमालकाला हा सौदा वाईट नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण गावात केवळ जमीनमालक राहत नाहीत. त्या शेतांवर मजुरी करणारी कुटुंबे, बांधावर आणि पडीक जमिनीवर शेळ्या चारणारे धनगर, खंडाने शेती कसणारे, यांच्याशी कोणी करार केला नाही. काचा पुसण्यास आणि गवत काढण्यास जी थोडीफार माणसे लागतात, तेवढीच त्यांच्या वाट्याला आली. जमीनदाराला खंड, भांडवलदाराला नफा आणि शहराला वीज मिळाली. भूमिहीनाला मात्र कुंपण मिळाले.

महाराष्ट्रातील विखरणची आठवण ताजी आहे. धुळे जिल्ह्यातील या गावचे ८४ वर्षांचे एक वृद्ध शेतकरी सौर प्रकल्पासाठी घेतलेल्या पाच एकर जमिनीच्या मोबदल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होते. त्यांच्या पदरात सुमारे चार लाख रुपये टाकण्यात आले होते आणि शेजारच्या जमिनीला त्याच्या कितीतरी पट मिळाल्याची त्यांची तक्रार होती. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर वाढीव मोबदल्याची गणिते मांडली गेली. म्हणजे शासनाला गणित येत होते, ते मांडण्यासाठी एका म्हाताऱ्याचा प्राण लागला.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून सुरू आहे आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. शेतकऱ्याला रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यावे न लागता दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू आहे, आणि त्याला विरोध करण्याचे काहीएक कारण नाही. दिवसा विजेची मागणी शेतकरी चळवळीने वर्षानुवर्षे केली आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दर वर्षी तीन टक्के वाढ, ग्रामपंचायतीला तीन वर्षे दर वर्षी पाच लाख रुपये, अशा तिच्या तरतुदी आहेत. परंतु प्रकल्पाची मालकी खासगी विकासकाची आहे आणि करार पंचवीस वर्षांचा आहे. गावच्या गायरानावर काचा बसतात, त्यावर तयार होणारी वीज गावच्याच विहिरींवर खर्च होते, तिचे पैसे शासकीय कंपनी मोजते, आणि नफा जातो ज्याने ते गाव कधी पाहिलेही नाही अशा भागधारकाकडे. तीन वर्षांचे अनुदान संपल्यावर उरलेली बावीस वर्षे ग्रामपंचायतीने आपल्याच गायरानाकडे कुंपणाबाहेरून पाहावयाचे. ज्या राज्यात धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, त्या राज्यात पाच-दहा मेगावॅटचा सौर प्रकल्प सहकारी का असू नये? साखर कारखान्यापेक्षा त्याची यंत्रसामग्री कितीतरी सोपी आहे. त्याला ऊस तोडावा लागत नाही, गाळपाचा हंगाम नाही, मळीची दुर्गंधी नाही.

सहकाराचे नाव काढताच कोणीतरी मुळा-प्रवराचा दाखला देईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ग्रामीण भागात वीज वितरण करणारी संस्था होती. २०११ मध्ये तिचा परवाना संपुष्टात आला आणि वितरण महावितरणकडे गेले, तेव्हा तिच्या डोक्यावर प्रचंड थकबाकी होती. सभासद ग्राहक नाममात्र मालक राहिले आणि संस्था नेत्यांच्या राजकारणाचे साधन बनली. ही चूक सहकाराच्या तत्त्वाची नाही, घराणेशाहीची आहे, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. परंतु साखर, दूध, पतपेढ्या आणि वीज या सर्व क्षेत्रांत घराणी माजू शकली याचा अर्थ सहकारी संस्थांच्या घटनेतच काही दार उघडे राहिले असा होतो. ती दारे बंद करावयाची असतील तर संस्था लहान हव्यात, एका फीडरपुरत्या किंवा एका वाडीपुरत्या. त्यांचा हिशेब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे आणि भूमिहीन कुटुंबालाही जन्मसिद्ध सभासदत्व मिळाले पाहिजे.

लहान संस्था चालते, याचे उदाहरण शेजारीच आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी या गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी स्थापन केली. त्यांनी आपापल्या विहिरीवरील सौर पंप जाळ्याला जोडले आणि उरलेली वीज तेथील वीज वितरण कंपनीस युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. अर्थात आरंभीच्या भांडवलात संशोधन संस्थांच्या मदतीचा मोठा वाटा होता. वीज विकता येते म्हणताच पाणी उपसून वाया घालविण्याची ओढ कमी झाली, हा त्यातला अनपेक्षित लाभ. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर मिडलग्रुंडेन येथील ४० मेगावॅटच्या पवनचक्क्या २००० साली उभ्या राहिल्या, त्यांतील निम्म्या साडेआठ हजारांच्या आसपास सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. शंभरएक घरांची ही वाडी डोंगराळ आहे, श्रीमंत नाही. तेथे जे जमले त्याचे कारण त्या गावात आधीपासून एकत्र काम करण्याची सवय होती.

शहरात ही सवय मोडण्याचे काम शासनाचे धोरणच करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘सूर्य घर’ योजना जाहीर केली. एक कोटी घरे आणि पंचाहत्तर हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद, असा तिचा पसारा आहे. स्वतंत्र घरमालकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे एकूण ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थेने सामाईक सोयींसाठी संच बसविला तर मात्र किलोवॅटला १८,००० रुपयेच. सोळा बिऱ्हाडांनी मिळून केलेल्या कामाला एका बंगल्याच्या कामापेक्षा दर किलोवॅटमागे कमी मदत! मोठ्या संचाचा खर्च तुलनेने कमी येतो, हे अधिकाऱ्यांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु अनुदान म्हणजे समाजाने कोणत्या वर्तनाला उत्तेजन द्यावयाचे याचा निर्णय असतो. आणि ज्याच्याजवळ गच्चीच नाही, त्याचे काय? पागडीच्या चाळीतला भाडेकरू, पत्र्याच्या झोपडीत राहणारा, बीडीडी चाळीतून उठून चाळीस मजल्यांच्या पुनर्वसन इमारतीत गेलेला रहिवासी, यांना पाचशे चौरस फुटांचे घर मिळते किंवा मिळेलही. पण डोक्यावरच्या आकाशाचा वाटा मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. म्हणजे सौर अनुदानाची ही थाळी मांडली आहे तेव्हाच निम्म्या शहराला पंगतीबाहेर बसविलेले आहे.

यावर तांत्रिक उपाय नवा नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच आभासी नक्त-मापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नाव बोजड आहे, अर्थ सुबोध आहे. संच एका जागी आणि त्याचे भागीदार अनेक ठिकाणी. तयार झालेली वीज ज्याच्या-त्याच्या हिश्श्याप्रमाणे प्रत्येकाच्या बिलातून वजा होते. गच्ची नसलेल्या माणसाला गच्चीचा हिस्सा देणारी ही व्यवस्था आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्याने २०१० मध्ये अशा सामुदायिक सौर बागांचा कायदा केला. पण तेथील अनुभवावरून सावध राहिले पाहिजे: मोठ्या कंपन्या या बागांच्या मालक बनल्या आणि ‘सभासद’ म्हणजे मासिक वर्गणी भरणारे गिऱ्हाईक, एवढाच अर्थ अनेक ठिकाणी उरला. सामुदायिक हा शब्द जाहिरातीत असून चालत नाही, तो खरेदीखतात असावा लागतो.

भांडवल कोठून आणावयाचे, हा प्रश्न विचारला जाईल. तो घरांच्या बाबतीतही विचारला गेला होता. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरहून अधिक रिकामी जमीन बाळगण्यास मनाई केली आणि पुढे सरकारांनी सवलतींच्या कलमांतून त्या कायद्याला भगदाडे पाडली. मृणाल गोरे, बाबूराव सामंत, प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या झेंड्याखाली न्यायालयात आणि रस्त्यावर चिकाटीने झगडून अतिरिक्त जमीन मिळविली आणि गोरेगावला दिंडोशी येथे सुमारे सहा हजार घरांची वसाहत उभी केली. तेथे ना विकासक होता, ना नफा. बिल्डरविना घर होत नाही, हा सिद्धान्त तेथे खोटा ठरला. असे दुसरे दिंडोशी का झाले नाही? कारण नोव्हेंबर २००७ मध्ये राज्याने तो कायदाच रद्द केला. घरे स्वस्त होतील, असे तेव्हा सांगण्यात आले होते. मुंबईत घर शोधणाऱ्या कोणाही तरुण जोडप्याला या आश्वासनाविषयी विचारावे.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सौर विजेला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. कोळशाच्या राखेत चंद्रपूर आणि कोराडीची माणसे पिढ्यान्पिढ्या श्वास घेत आली आहेत. त्यांच्यासाठी ही वीज जितकी लवकर येईल तितकी थोडी. मोठ्या उद्यानातली वीज गच्चीवरच्या विजेपेक्षा स्वस्त पडते, हेही खरे आहे, आणि केवळ लहान-लहान संचांवर गिरण्या-कारखाने किंवा रेल्वे चालणार नाहीत. भांडण आकाराचे नाही, मालकीचे आहे. पन्नास मेगावॅटचा प्रकल्पही गावांच्या संघाच्या मालकीचा असू शकतो आणि तीन किलोवॅटचा संचही सावकारीचे साधन होऊ शकतो.

महापालिकेची निवडणूक असो वा नसो, मुंबईतील कार्यकर्त्यांना हाती घेण्याजोगे काम समोर आहे. महापालिकेच्या शाळा, मंडया, दवाखाने, बेस्टची आगारे, नाट्यगृहे यांची छपरे ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती खासगी कंपनीला पंचवीस वर्षांच्या कराराने देण्याच्या निविदा निघण्यापूर्वी, त्या-त्या प्रभागातील झोपडपट्टी व चाळींच्या सहकारी संस्थांना पहिला हक्क द्यावा, आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने गच्ची नसलेल्या ग्राहकाला आभासी मापनाचा हिस्सा सुलभ करावा, यासाठी प्रभागवार सह्या गोळा करता येतील. आयोगाच्या सार्वजनिक सुनावणीत कोणाही ग्राहकाला म्हणणे मांडता येते. तेथे वकिलांची आणि उद्योजकांच्या संघटनांची गर्दी असते, चाळकऱ्यांची खुर्ची रिकामी असते. पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर शेजारच्या छपरांवर पडणाऱ्या सावलीचा नकाशा जोडावा आणि बुडालेल्या उन्हाची भरपाई विकासकाने द्यावी, ही मागणी विकास नियंत्रण नियमावलीवरील हरकतींत लिहिता येईल. साडेत्रेसष्ट अंश मोजण्यास कोनमापक पुरतो. गावाकडील कार्यकर्त्यांनी गायरानाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा त्यात भाड्याबरोबर भागीदारीचे कलम घालण्याचा आग्रह धरावा, आणि ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी ती मागितल्यावरच ठराव झाल्याचे समजते.